घराण्यात कुणाला साखर?

ग्लासभर पाण्यात पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज.
"पाच मिनिटांत संपव, ओकायचं नाही," सिस्टर म्हणाली.
प्याले. दोन तास बाकावर बसले
भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाकडे बघत.
मग सुईभर रक्त,
आणि कागदावर एकशे अठ्ठावन्न.

मग फॉर्म.
आईला साखर? नाही.
वडिलांना? नाही.
आजीला?
आजीला साखर रेशनवर मिळायची,
तीही दिवाळीला.
सिस्टर हसली नाही. तीन फुल्या मारल्या.
"मग तुला कुठून आली गं?"

तक्ता दिला. मोड आलेली मटकी,
वाटीभर पालेभाजी, चारला मूठभर फुटाणे.
मैदा नको, साखर नको, बटाटा जपून.
चांगला आहे तक्ता, लॅमिनेट केलाय.
तक्त्यातली बाई कुठल्या गल्लीत राहते
ते तेवढं दिलेलं नाही.

मी नऱ्ह्यात राहते, कॉलेजांच्या मागे.
बसथांब्यापासून दारापर्यंत चारशे बारा पावलं,
मोजली, कारण चालायलाही सांगितलंय.
विसाव्या पावलावर अमृततुल्य, बरणीत क्रीमरोल उभे.
मग वडापाव. मग मोमो.
मग शेजवानचा लाल धूर,
ठसका लागतो आणि भूकही.
बेकरीत पाव उतरतात साडेसातला,
शिलाईच्या युनिटमधून आम्ही सुटतो साडेसातला.
पुढे दुसरं अमृततुल्य, त्याच्यासमोर तिसरं.
अमृताची एवढी सोय देवांचीही नव्हती.

हॉस्टेलच्या पोरांचं ठीक आहे, विशीत दगड पचतो.
आमचं काय,
उघडं असेल ते भूक खाते.

चौथ्या खांबापाशी सोजरमावशी बसायची.
कोंढणपूरची मेथी, चुका,
ओल्या पोत्याखाली शेवग्याचा पाला.
मी नवऱ्याला सांगायच्या आधी तिनंच ओळखलं,
जुडीवर एक जुडी जास्त टाकली.
मग फुटपाथ झाला, मधोमध पिवळ्या ठोकळ्यांची रेघ.
अतिक्रमणाची गाडी आली,
टोपली गेली, तराजू गेला.
बेकरी नियमात होती.
मोमोवाल्याचं कुणाशीतरी बोलणं होतं.
खांबावर आता केकची जाहिरात आहे:
वीस मिनिटांत घरपोच.

शेजारच्या काकू डोहाळे विचारतात.
चुक्याचं गरगटं, मी म्हणते.
"हे कसले गं डोहाळे,"
आणि हातावर पेढा. दोन जिवांची, नाही म्हणू नये.
नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो,
खाल्लं की माझा आकडा चढतो.

सात नंबर मशीनवरची प्रमिला,
बेकरीच्या वर राहणारी तैबुन्निसा,
आणि ती बालाघाटची, कुंती.
बोटं टोचून टोचून चाळण झालेल्या.
गावं वेगळी, आडनावं वेगळी.
रक्ताचं नातं नाही आमचं.
रक्तातलं आहे.

सोजरमावशीला फोन लावला.
"नांदेड फाट्याला बसते आता."
"लांब पडतं, मावशी."
"डॉक्टरनी चालायला सांगितलंय न्हवं? मग ये की चालत."
पण तिला तिथून साडेपाचलाच उठवतात.
राहिला रविवार.

चौघी निघालो. तैबुन्निसाला धाप लागली,
दुभाजकावर बसलो, ट्रकवाले बघत गेले.
अकरा जुड्या आणल्या. फ्रीज एकीकडेही नाही.
बेकरीच्या नजीरभाईंनी काही न विचारता
थंड बाटल्यांच्या फ्रीजमधला खालचा खण मोकळा केला.
येता-जाता काचेतून दिसायचा चुका,
नारिंगी बाटल्यांच्या खाली, जरा मान टाकलेला.
बुधवारपर्यंत पुरला.
गुरुवारी पाव आणला. खोटं कशाला बोलू.

आठव्या महिन्यात पुन्हा तोच फॉर्म.
घराण्यात कुणाला साखर?
या वेळी पेन मी मागून घेतलं.
रकान्यात जागा नव्हती, समासात लिहिलं:
आहे. गल्लीला.

सिस्टरनं चष्मा वर केला.
"ही कोण? सासू का?"

मी पत्ता सांगितला.